टीएसएच नॉर्मल आलाय, मग मसल कुठे अडकलंय?

पत्र:

ताई, मी 29 वर्षांची, वजन 64 किलो, वेट ट्रेनिंग करायला लागून दोन वर्षं झाली. सुरुवातीला मस्त चाललं होतं, स्क्वॉट 60 किलोपर्यंत नेला होता. मग हळूहळू सगळं जड व्हायला लागलं, जिना चढताना मांड्या भरून यायच्या, एका लेग डेचं दुखणं चार-पाच दिवस जायचं नाही, केस गळायला लागले, वजन वाढलं. टेस्ट केली तर थायरॉइड कमी निघाला: टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला सांगणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की हे वाढतं) 18.6, फ्री टी4 (ग्रंथीचं स्वतःचं हार्मोन) कमी आणि अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धच्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी4 ची गोळी, 75 मायक्रोग्रॅम चालू केली. चार महिने झाले, आता टीएसएच 3.1 आहे आणि डॉक्टर म्हणतात नॉर्मल आहे, हाच डोस राहू दे. पण मला नॉर्मल वाटत नाहीये ना! स्क्वॉट 50 च्या पुढे जात नाही, मसल वाढत नाही, वाढलेलं वजन जावं म्हणून दोन महिने 1200 कॅलरीवर आहे तरी काटा हलत नाही. गोळी मी सकाळी सहाला घेते, मग लगेच कॉफी, जिम आणि आल्यावर प्रोटीन शेक. बाकी केसांसाठी बायोटिन चालू आहे. जिममधला ट्रेनर म्हणतो टी4 ने काही होत नसतं, टी3 घे, फॅट जाईल आणि मसल दिसायला लागेल. मैत्रीण म्हणते डोस वाढवून टीएसएच एकच्या खाली आण. थायरॉइड असेल तर मसल बनतच नाही का? मी काय करू?
— अडकलेली

उत्तर:

अगं अडकलेली, आधी ती टी3 ची गोळी बाजूला ठेव, कारण घाईचं तेवढंच एक आहे, बाकी सगळं निवांत बोलता येईल. घेऊ नकोस. ट्रेनरचा राग नाही मला, तो त्याच्या समजुतीप्रमाणे सांगतोय, पण शरीर दाखवायचा धंदा असलेल्या लोकांमध्ये ही समजूत वर्षानुवर्षं फिरतेय आणि ती अर्धवट आहे. टी3 ने वजन उतरतं हे खरं, फक्त त्यात काय काय उतरतं ते कोणी सांगत नाही. सांगते पुढे.

मी डॉक्टर नाही, वेट ट्रेनिंग शिकवते, त्यामुळे डोस किती हवा ते मी सांगणार नाही, ते तुझ्या डॉक्टरांचंच काम. पण तुझ्या पत्रात मला तीन गोष्टी अशा दिसल्या ज्या तू डॉक्टरांना बहुतेक सांगितल्याच नसतील, कारण तुला त्या महत्त्वाच्या वाटल्या नाहीत, पत्रातसुद्धा तू त्या शेवटी जाता जाता लिहिल्यात. बायोटिन, गोळीनंतरची कॉफी आणि 1200 कॅलरी. माझं म्हणणं थोडक्यात असं की अजून हार्मोन ओतायच्या आधी हे तीन बघ, आणि स्नायूंना थोडे महिने दे.

पण आधी तुझा मूळ प्रश्न, मसल बनतच नाही का. बनतं गं. थायरॉइडची गोळी घेऊन जोरदार उचलणाऱ्या बायका आणि पुरुष भरपूर आहेत. हार्मोन कमी असताना मात्र बनणं खरंच अवघड होतं, त्यामुळे मागच्या वर्षी तुझं जे झालं तो तुझा आळस नव्हता, हे आधी डोक्यात पक्कं कर.

होतं काय की थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी4 बनवते, ते साठ्यातलं हार्मोन समज, पेशीच्या आत जाऊन खरं काम करतं ते टी3. टी4 मधला आयोडीनचा एक ठरावीक अणू काढला की टी3 तयार होतं, आणि तो अणू काढणारं एन्झाइम लिव्हर, किडनीसारखंच स्नायूतसुद्धा असतं. म्हणजे रक्तातलं टी4 घेऊन तुझी मांडी आपल्या गरजेपुरतं टी3 स्वतः बनवू शकते. टी4 पासून शरीरात टी3 बनतं हे माणसांमध्ये 1970 साली ल्युइस ब्रेव्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, ज्यांची स्वतःची ग्रंथी काम करत नव्हती अशा लोकांना नुसतं टी4 दिलं आणि त्यांच्या रक्तात टी3 सापडलं. त्यामुळे टी4 ने काही होत नसतं हे ट्रेनरचं वाक्य पन्नासहून जास्त वर्षं जुन्या माहितीपुढेसुद्धा टिकत नाही. जगभर बहुतेक पेशंट नुसत्या लेव्होथायरॉक्सिनवरच असतात ते याच कारणामुळे.

आता हे टी3 स्नायूत नेमकं करतं काय, तर पेशीच्या केंद्रकात जाऊन कुठली जीन्स चालवायची आणि कुठली मंद करायची ते ठरवतं. स्नायूतले फास्ट फायबर, म्हणजे जे जोर लावताना कामाला येतात आणि वेट ट्रेनिंगने जास्त फुगतात, त्यांना टी3 लागतं. ते कमी पडलं की हे फास्ट फायबर बारीक होतात आणि स्नायू एकंदर स्लो प्रकारच्या फायबरकडे झुकतो. दुसरं म्हणजे स्नायू आकसतो तेव्हा आत कॅल्शियम सुटतं आणि सैल व्हायच्या वेळी ते परत ओढून घ्यावं लागतं, हे ओढणारा जो पंप असतो तोही टी3 च्या हुकमावर बनतो, त्यामुळे हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइड हार्मोन कमी असलेल्या, माणसाचा स्नायू आकसतोही सावकाश आणि सैल तर फारच सावकाश होतो. डॉक्टर टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारून बघतात ना, त्यात पाऊल झटकन खाली जातं पण परत येताना रेंगाळतं, ही हायपोथायरॉइडची जुनी ओळखीची खूण आहे. तू लिहिलंयस की जिन्यावर मांड्या भरून येतात, ते याच घरातलं. शिवाय टी3 कमी म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पेशीतले ऊर्जा बनवणारे कारखाने, कमी कामाचे, मग सेटच्या मध्येच दम संपतो, दोन सेटमधली रिकव्हरी होत नाही आणि आपल्याला वाटतं आपलीच इच्छाशक्ती कमी पडतेय.

एक मजेशीर गोष्ट सांगते, मजेशीर म्हणजे ज्याला होतं त्याला नाही. हायपोथायरॉइड फार वाढलेला असेल आणि बरेच दिवस उपचार नसतील तर क्वचित काही मोठ्या माणसांचे स्नायू उलट मोठे दिसायला लागतात, पोटऱ्या वगैरे चांगल्या भरलेल्या, कडक, आणि ताकद मात्र नाही. 1897 मध्ये योहान हॉफमन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हे लिहून ठेवलं म्हणून त्याला हॉफमन सिंड्रोम म्हणतात. आरशात दिसतं ते आणि बारवर उचलतं ते यांचा संबंध नेहमी असतोच असं नाही, जिममध्ये हे सांगितलं तर लोक माझ्याकडे विचित्र बघतात.

मग कोणी म्हणेल की टी3 कमी पडल्यावर स्नायू अडतो तर जास्त टी3 दिल्यावर तो पळेल की! इथेच सगळे फसतात. स्नायूत प्रोटीन रोज नवं बनत असतं आणि रोज जुनं मोडत असतं, आणि थायरॉइड हार्मोन हे दोन्ही व्यवहार चालवतं. थायरॉइड म्हणजे बांधकामावरचा मुकादम समज, तो झोपला तर ना नवी भिंत उठते ना जुना राडारोडा निघतो, पण तोच चेकाळला तर बांधणारेही पळतात आणि पाडणारे त्यांच्यापेक्षा जोरात पळतात, संध्याकाळी बघावं तर भिंत सकाळपेक्षा कमी. हार्मोन गरजेपेक्षा जास्त झालं की प्रोटीन मोडण्याचा वेग बनण्याच्या पुढे जातो. ज्यांचा थायरॉइड आजाराने वाढलेला असतो, ग्रेव्हज् वगैरे, ती माणसं भरपूर खाऊनसुद्धा वाळत जातात, आणि त्यांचे मांड्या-खांद्यांचे मोठे स्नायू आधी जातात, खुर्चीतून उठायला हाताचा आधार लागतो, वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. उपचाराने हार्मोन खाली आलं की ताकद परत येते, पण त्यालाही महिने लागतात. तर जास्तीचं टी3 घेऊन ट्रेनर तुला जो ‘कट’ लुक देऊ पाहतोय त्यात चरबीबरोबर तू दोन वर्षं घासून कमावलेलं मसलही जाणार. तुझ्या 1200 कॅलरीच्या डाएटवर तर जास्तच जाणार, कारण शरीराला बाहेरून माल मिळतच नाहीये.

वर हृदयाचं वेगळंच. टी3 लवकर चढतं आणि लवकर उतरतं, गोळी घेतल्यावर काही तासांत रक्तात टोकाला पोचतं, त्या वेळी धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, आणि जास्त दिवस जास्त प्रमाणात घेत राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका. काही जण म्हणतात की खेळाडूंच्या बंदी असलेल्या औषधांच्या यादीत थायरॉइड हार्मोन नाहीच, मग काय हरकत आहे. यादीत नाही हे बरोबर, पण ती यादी खेळातल्या फसवणुकीसाठी आहे, तुझ्या हृदयाची काळजी घ्यायला नाही. टी3 औषध म्हणून काही पेशंटना डॉक्टर देतातही, पण मोजून, टेस्ट करत करत आणि वेगळ्या कारणासाठी. लॉकरच्या बाजूला उभं राहून हातात ठेवलेली गोळी म्हणजे ते नाही.

मैत्रिणीच्या सल्ल्याचं बोलते. डोस वाढवून टीएसएच एकच्या खाली, मग मसल जास्त, चरबी कमी, असा हिशोब. हा प्रश्न लोकांनी खरंच तपासून बघितलाय. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधनात लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या 138 लोकांचे डोस असे बदलले की काहींचा टीएसएच नॉर्मलच्या खालच्या बाजूला, काहींचा वरच्या बाजूला आणि काहींचा थोडा नॉर्मलच्या बाहेर राहील, आणि सहा महिन्यांनी शरीर जाळत असलेली ऊर्जा आणि शरीरातलं चरबी-स्नायूंचं प्रमाण बघितलं तर गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे आपला डोस वाढलाय की कमी झालाय हे लोकांना नीट ओळखताच आलं नाही, पण जो डोस आपल्याला जास्त वाटतोय तोच त्यांना जास्त पसंत पडला. माणूसच आहोत आपण! तर 18.6 वरून 3.1 ला येणं ही मोठी उडी आहे, त्याने स्नायूला फरक पडतो, पण तिथून पुढे 3 चा 1 केल्याने दंड फुगेल ही आशा सोड. तरीही थकवा, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं असली लक्षणं टिकून असतील तर डॉक्टर स्वतः डोस थोडा हलवून बघतात, तो निर्णय वेगळा आणि तो त्यांचा.

पण थांब, हे सगळं तुझा 3.1 हा आकडा खरा आहे असं धरून चाललंय, आणि मला तोच खात्रीचा वाटत नाहीये. कारण बायोटिन. केसांसाठी मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमध्ये 5 ते 10 मिलिग्रॅम असतं, आणि माणसाची दिवसाची गरज आहे साधारण 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे शेकडो पट. आता बऱ्याच लॅबच्या मशीनमध्ये हार्मोन मोजायच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे तुझ्या रक्तात ते जास्त असलं की मशीन गंडतं, आणि गंडतं ते असं की टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो आणि फ्री टी4 आहे त्यापेक्षा जास्त. कळतंय ना काय होतं ते? कागदावर तू नॉर्मल, आतून अजून हायपो. प्रत्येक लॅबमध्ये असं होतं असं नाही, मशीनवर अवलंबून आहे, तुझ्या बाबतीत झालंय असंही मी म्हणत नाही, पण चार महिन्यांनंतरही तुझी लक्षणं तशीच असताना हे न तपासता डोसवर चर्चा करणं म्हणजे वेळ घालवणं आहे. बायोटिन निदान दोन दिवस बंद ठेव, डोस जास्त असेल तर अजून थोडे जास्त दिवस ठेवलेस तरी बिघडत नाही, आणि मग परत टेस्ट कर, सकाळी, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी, कारण गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी4 वर गेलेलं दिसतं. डॉक्टरांना सांगून कर म्हणजे ते रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवतील. आणि खरं सांगू, हायपोथायरॉइडमुळे गळणारे केस बायोटिनने थांबत नाहीत, हार्मोन जागेवर आल्यावर काही महिन्यांनी आपोआप सावरतात.

आता कॉफी. सहाला गोळी आणि लगेच कॉफी, असं तू किती सहज लिहिलंयस! लेव्होथायरॉक्सिन हे फार नखरेल औषध आहे, रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि मग निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, काही नाही. कॉफीने ते आतड्यातून नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर त्याला धरूनच ठेवतात, त्यांच्यात चार तासांचं अंतर हवं, आणि तुझ्या प्रोटीन शेकच्या डब्यामागचं लेबल वाच, बऱ्याच पावडरमध्ये कॅल्शियम असतं, सोयाची असेल तर सोयासुद्धा शोषण कमी करतं. तुझ्यासारख्या पहाटे जिमला जाणाऱ्यांना सकाळची ही कसरत जमतच नाही, त्यांच्यासाठी सोपा रस्ता म्हणजे डॉक्टरांना विचारून गोळी रात्री झोपताना घ्यायची, शेवटचं खाऊन तीन तास झाल्यावर. कुठलीही वेळ घे पण रोज तीच घे. आणि पद्धत बदललीस की सहा ते आठ आठवड्यांनी परत टेस्ट करावी लागेल, कारण टी4 रक्तातून निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, नवीन पातळी स्थिर व्हायला तेवढा वेळ जातोच, दहा दिवसांत टेस्ट करून काही कळत नाही. शोषण सुधारलं की आहे त्याच डोसमध्ये जास्त हार्मोन आत जाईल, कदाचित डोस कमीसुद्धा करावा लागेल, म्हणून हे गुपचूप करू नकोस.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त खटकलं ते, 1200 कॅलरी.

हिशोब करूया. तू 64 किलो, चरबी साधारण 28 टक्के धरली तर चरबी सोडून उरलेलं शरीर 46 किलोच्या आसपास. दिवसाला 1200 खातेस, व्यायामात 300 जळतात असं धर, राहिले 900. हे 900 भागिले 46, म्हणजे चरबीविरहित प्रत्येक किलोमागे 20 पेक्षाही कमी कॅलरी शरीर चालवायला उरतात. अ‍ॅन लाउक्स नावाच्या संशोधिकेने 1994 मध्ये तरुण, निरोगी, थायरॉइड ठणठणीत असलेल्या मुलींवर नेमकं हेच बघितलं होतं, उरलेली ऊर्जा किलोमागे 25 च्या खाली 19 कडे गेली की चारच दिवसांत त्यांचं टी3 घसरलं. ग्रंथीला काही झालेलं नव्हतं, शरीराने नुसती काटकसर चालू केली होती. तू दोन महिने हे करतेयस, आणि तुझी तर मुळात ग्रंथी आजारी.

शरीराची ही काटकसर टीएसएचच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही, टीएसएच बहुतेक वेळा नॉर्मलच राहतो. त्यामुळे लोकांना वाटतं की बघा, आपल्या शरीरात टी4 चं टी3 होतच नाही, गोळी चुकीची आहे, टी3 बाहेरून घ्यायला पाहिजे. अगं ते होत नाहीये कारण शरीर मुद्दाम करत नाहीये! खायला कमी आहे म्हणून इंजिन मंद ठेवलंय, अशा वेळी बाहेरून टी3 देऊन ते जबरदस्तीने पळवलं तर ते जाळणार काय, स्नायूच. इलाज खाण्यात आहे, गोळीत नाही.

शिवाय हायपोथायरॉइडमुळे जे वजन वाढतं ते लोकांना वाटतं तेवढं आणि वाटतं तसलं नसतं. साधारण 2 ते 5 किलो, आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी अंगात साठल्यामुळे, चरबी त्या मानाने कमी. उपचाराने ते पाणी हळूहळू उतरतं. त्याहून जास्त वाढलं असेल तर ते थायरॉइडच्या नावावर टाकून चालणार नाही. आणि काटा हलत नाही म्हणतेस तर रागावू नकोस पण दोन महिने खरंच रोज 1200 असतील तर काटा थोडा तरी हलतो, हायपो असताना शरीर कमी जाळतं हे धरूनसुद्धा. बहुतेक असं होतं की पाच दिवस 1200 आणि मग दोन दिवस भूक सगळा हिशोब वसूल करते, आणि आपण ते मोजत नाही. सगळ्यांचंच होतं. पाच दिवस उपाशी राहून जे स्नायूंचं नुकसान होतं ते मात्र त्या दोन दिवसांत भरून निघत नाही.

म्हणून आत्ता वजन उतरवणं बंद. मी म्हणेन की आधी 1700 च्या आसपास ये, म्हणजे व्यायामाचे 300 वजा जाऊन चरबीविरहित किलोमागे 30 तरी उरतात, आणि काही आठवड्यांत हळूहळू वाढवत वजन जिथे स्थिर राहतं तिथे पोच. सुरुवातीला काटा किलो-दीड किलो वर जाईल, ते स्नायूतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आणि पाणी असेल, घाबरून परत मागे जाऊ नकोस. प्रोटीन वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅम, म्हणजे तुला रोज 100 ग्रॅमच्या आसपास, तीन-चार वेळांत वाटून. पाळी पुढे गेलीये का, बंद आहे का, हे तू लिहिलं नाहीस. असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांग, कमी खाण्यानेही होतं आणि थायरॉइडनेही. आणि पुढेमागे बाळाचा विचार असेल तर तेही आधीच सांग, कारण गरोदरपणात डोस लवकर वाढवावा लागतो.

ट्रेनिंगचं काय? बंद करायची गरज नाही, पण मागच्या वर्षीचा कागद काढून त्यातले आकडे गाठायला बघू नकोस. टीएसएच नॉर्मल झाला म्हणजे स्नायू नॉर्मल झाला असं नसतं, रिपोर्ट आधी सुधारतो आणि स्नायू मागून रांगत येतो, फायबर परत बदलायला, पंप नवीन बनायला, गेलेली ताकद भरायला महिने लागतात. तुझे तर चारच महिने झालेत, आणि त्यातले दोन उपासात गेले. आठवड्याला तीन दिवस पुरे, प्रत्येक मोठ्या स्नायूला दोनदा हात लागेल असं. सेट आधी करायचीस त्यापेक्षा कमी ठेव, प्रत्येक सेटमध्ये दोन-तीन रेप्स शिल्लक असताना थांब, दोन सेटमध्ये तीन मिनिटं सरळ बसून राहा, कोणी बघतंय म्हणून 40 सेकंदांत परत उभी राहू नकोस. 50 चा स्क्वॉट स्वच्छ आणि सहज वाटायला लागला की अडीच किलो टाक. वाढवायची घाई करायची की नाही ते दुखणं किती दिवस टिकतंय त्यावर ठरव, लेग डेचं दुखणं चौथ्या दिवशीही तसंच असेल तर त्या आठवड्यात वजन वाढवायचं नाही, एवढा साधा नियम. एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, एकदा कमावलेलं मसल पहिल्यापेक्षा लवकर परत येतं, फक्त त्याला येऊ दे.

क्रिएटिन घ्यायचं असेल तर रोज 3 ते 5 ग्रॅम घ्यायला थायरॉइडमुळे काही अडचण नाही, पण रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला मोजतात ते) थोडं वर दिसू शकतं आणि हायपोथायरॉइडमध्येही ते वर जातं, त्यामुळे डॉक्टरांना आधी सांगून ठेव नाहीतर उगाच किडनीच्या मागे लागतील. ‘थायरॉइड सपोर्ट’ नावाने विकतात ते डबे मात्र नको, तपासणीत असल्या काही डब्यांमध्ये चक्क खरं थायरॉइड हार्मोन सापडलंय, आणि काहींमध्ये समुद्री शेवाळातलं भरमसाट आयोडीन असतं जे हाशिमोटोमध्ये, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करतं त्या आजारात (तुझं अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह तिकडेच बोट दाखवतं), ग्रंथी अजून बिघडवू शकतं.

फेरीटिन (शरीरातला लोहाचा साठा), हिमोग्लोबिन, बी12 आणि व्हिटॅमिन डी एकदा बघून घे. हाशिमोटो असलेल्यांमध्ये बी12 ची कमतरता दिसते आणि पाळी जास्त जात असेल तर लोह कमी होतं, आणि लोह कमी असलं की जिन्यावर दम लागतो तो थायरॉइडसारखाच वाटतो. लोहाच्या गोळ्या चालू झाल्याच तर वरचे चार तास विसरू नकोस.

आणि पुढच्या वेळी जाशील तेव्हा डॉक्टरांना सीके करायचं का ते विचार, स्नायूतून रक्तात येणारं एन्झाइम आहे, हायपोथायरॉइडमध्ये वाढतं आणि उपचाराने खाली येतं, त्यामुळे स्नायू खरंच सावरतायत का याचा थोडा अंदाज येतो. पण ते जड व्यायामानेही भरपूर वाढतं, म्हणून आधीचे चार-पाच दिवस जिमला सुट्टी देऊन मग रक्त दे, नाहीतर आकडा बघून तू आणि डॉक्टर दोघंही घाबराल. व्यायामानंतर स्नायू असह्य दुखतायत, सुजलेत आणि लघवी गडद तपकिरी झालीये असं कधी झालं तर मात्र सुट्टी-बिट्टीचा हिशोब करत बसू नकोस, त्याच दिवशी हॉस्पिटल.